छाया : बा. ना. शितोळे (निवृत्त)

रविवार, ६ जून १९९९. सकाळ.

सहावी ब म्हणजे साठ मुलं. साठ मुलं एका सुरात कविता म्हणायची, तो आवाज आज पहाटे पुन्हा कानात आला. शाळा रुळांच्या कडेला. कविता शेवटच्या कडव्यावर आली की नेमकी मनमाडची मालगाडी यायची आणि इंजिनाच्या शिट्टीत शेवटची ओळ बुडायची. इतकी वर्षं मराठी शिकवलं, पण ती ओळ मुलांच्या तोंडून नीट कधी ऐकली नाही. ओठ हलताना तेवढे दिसायचे. मी मार्क द्यायचो.

उठून चहा घेतला आणि निश्चय केला. पासष्टचं युद्ध झालं तेव्हा मी पेपर तपासत होतो. एकाहत्तरचं झालं तेव्हाही पेपरच. आता निवृत्त आहे, कॅमेरा आहे (सुलक्षणाला, म्हणजे सूनबाईला, किंमत अर्धी सांगितली आहे). कारगिल लांब आहे, पण युद्ध काय फक्त डोंगरावर होतं? ते रस्त्यावर उतरतं. फेऱ्या, घोषणा, पुतळे, निषेध, निषेधाचा निषेध. दौंडमधला हा इतिहास कुणी टिपत नाही. मी टिपणार. कॅमेऱ्याला बाजू नसते.

वाक्य चांगलं झालं. प्रदर्शनात वापरावं.

रोज दोन तास रस्त्यावर. आजपासून.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

ऊन फार होतं. उद्यापासून.

मंगळवार, ८ जून.

जवानांची स्पेशल गाडी थांबणार अशी बातमी बबनरावांनी दिली. बबनराव रेल्वेत पॉइंट्समन होते, आता माझ्यासारखेच रिकामे. रुळांपलीकडच्या बौद्ध वस्तीत राहतात. संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या बाकावर आम्ही दोघं चहा घेतो. त्यांचा मुलगा धम्मदीप माझा विद्यार्थी, आता फौजेत. सध्या तिकडंच वर, बर्फात.

गाडी आली. लोक पुरीभाजी आणि केळी घेऊन धावले. मी एका डब्यापुढं उभं राहून जवानांना म्हणालो, उंच असतील त्यांनी मागं, हनुवटी किंचित खाली, डोळे इकडं. मुलं शहाण्यासारखी खिडकीत बसली. एकजण हसत होता, त्याला तोंड मिटायला सांगितलं. तेवढ्यात गाडी सुटली. बहुधा नुसते हात आले असतील. हात हेही प्रतीकच.

बबनराव म्हणाले, 'सर, लढायला चाललीत पोरं. शाळेच्या दाखल्यावर न्हाई चिकटवायचा फोटो.'

विनोदी माणूस. पण त्यांना तंत्र कळत नाही. शाळेत दर मार्चला ग्रुप फोटो मीच उभा करायचो. फोटोग्राफर नुसतं बटण दाबायचा, रांगा माझ्या. ज्याचा चेहरा नीट आला नाही त्याचा बाप दुसऱ्या दिवशी भांडायला यायचा. म्हणून नियम एकच. चेहऱ्यापुढं काहीही येता कामा नये. ना फुलदाणी, ना ढाल, ना पुढच्याचं डोकं. जगातल्या मोठमोठ्या फोटोग्राफरांचे रस्त्यावरचे फोटो मी वाचनालयात मासिकांतून पाहिले आहेत. निम्मी माणसं पाठमोरी. तिथं मी सुधारणा करणार.

रविवार, १३ जून.

इंद्रजीतनं, माझ्या मुलानं, राष्ट्राभिमान समिती काढली आहे. तो पतसंस्थेचा चेअरमन आहे, पुढं आमदारकीचं त्याच्या मनात आहे. समितीनं चौकात शत्रूचा पुतळा जाळायचं ठरवलं. मी तासभर आधी गेलो. कार्यकर्ते तीन रांगांत उभे केले, बुटके पुढं. पुतळा मध्ये खुर्चीवर, हेडमास्तरांच्या जागी. फार समतोल चित्र जमलं होतं.

मी फोकस करत असताना कुणीतरी घाईनं काडी लावली. मी 'थांबा' म्हटलं. आग थांबत नाही एवढी साधी गोष्ट त्यांच्या लक्षात येऊ नये? खुर्चीही गेली. मंडपवाल्याची होती. मी म्हटलं, पुन्हा एकदा करू. पुतळा एकच होता म्हणे. मग एक पोतं पेटवलं. पोत्याला चेहरा नसल्यामुळे फोटो पडला तसा पडला.

इंद्रजीत घरी म्हणाला, 'आप्पा, पुढच्या वेळी जरा लांब उभं ऱ्हा.' मी लेन्सचा प्रश्न त्याला समजावून सांगितला. तो मोबाइलवर बोलत होता.

रविवार, २० जून.

सकाळी बाजारात एसटीडी बूथवर आक्काबाई, म्हणजे बबनरावांच्या पत्नी, दिसल्या. आठपासून स्टुलावर बसून. धम्मदीप रविवारी नऊच्या सुमारास याच बूथवर फोन करतो, जमेल तेव्हा. दोन रविवार आला नाही. मी म्हटलं, फोटो काढू का, वाट पाहणारी माता. त्या म्हणाल्या, 'काढा की. पर फोन वाजला तर मी उठणार, मग म्हनू नका हालली.' साडेदहापर्यंत काही वाजलं नाही. मी तरी घरी आलो.

संध्याकाळी बाकावर बबनराव म्हणाले, पौर्णिमेला वस्तीतून शांतता फेरी काढतोय. 'पोरगं वर हाय. हिचा जीव थाऱ्यावर न्हाई. बुद्धाच्या नावानं चार पावलं चालू म्हन्ती. आपुन कुणाच्या इरोधात न्हाई. पोरं जित्ती परत यावीत, एवढंच.'

रात्री जेवताना मी हे सांगितलं. इंद्रजीतचा घास थांबला. म्हणाला, युद्ध चालू असताना शांतता मागायची म्हणजे काय, तिकडं जवान मरतायत आणि हे इकडं पांढरी निशाणं घेऊन फिरणार. सुलक्षणा म्हणाली, 'अहो, त्यांचाच पोरगा हाय की तिकडं.' इंद्रजीत म्हणाला, तुला राजकारण कळत नाही.

मी तटस्थ राहिलो. भाजी घेतली.

सोमवार, २८ जून. ज्येष्ठ पौर्णिमा.

आजचा दिवस माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम.

फेरी पांढऱ्या कपड्यांत, तोंडानं एक शब्द नाही. पुढं बबनराव, हातात फलक, 'युद्ध नको, बुद्ध हवा'. शेजारी आक्काबाई, छातीशी धम्मदीपचा वर्दीतला फोटो, फ्रेम केलेला. मागं एका पोराच्या हातात दुसरा फलक, 'आमच्या जवानांना सुखरूप घरी आणा'. बाया, म्हातारे, लहान पोरं. चपलांचा तेवढा आवाज. मला गलबलून आलं. पण सगळे एकमेकांमागं चालत होते, म्हणजे दिसणार फक्त पहिला.

मी रस्त्यात आडवा झालो. म्हटलं, दोन मिनिटं, इतिहासासाठी. थांबले बिचारे. शाळेच्या भिंतीला लागून चार रांगा केल्या. पोरं खाली मांडी घालून, बाया मध्ये, पुरुष मागं. बबनराव म्हणाले, 'सर, फेरी हाय. आमी काय लग्नाला आलोय व्हय?' पण माझं ऐकलं. माझं सगळे ऐकतात, निम्म्यांना मी शिकवलं आहे.

अडचण एकच. धम्मदीपच्या फ्रेमवर ऊन पडून काच चमकत होती, सगळा फोटो पांढरा झाला असता. शिवाय फ्रेममुळे आक्काबाईंची हनुवटी झाकत होती. मी म्हटलं, ती बाजूला ठेवा. त्या म्हणाल्या, 'त्याच्यासाठीच तर आलोय सर.' मी म्हटलं, काच, बाई, काच. बबनरावांनी त्यांच्या हातातून ती घेतली आणि भिंतीच्या कडेला पालथी ठेवली. दुसरा फलक मागच्या दोघांचे चेहरे झाकत होता, तोही खाली घ्यायला लावला. एकच फलक ठेवला, मधोमध, वर्गाच्या पाटीसारखा.

चाळीस चेहरे. एकही झाकलेला नाही, एकही हललेला नाही. नखं मोजावीत इतका स्पष्ट.

समोरून इंद्रजीतची मंडळी आली, भगवे गमछे, घोषणा. त्यांचाही काढायचा होता, पण ते रांगेत उभे राहीनात. कुणीतरी 'देशद्रोही' असं ओरडलं. बबनरावांनी फ्रेम उचलली, धोतराच्या सोग्यानं पुसली, आणि फेरी पुढं निघाली.

रात्री या फोटोखाली घालायला दोन ओळी सुचल्या :
पांढऱ्या पाऊलवाटे, कुठे चालला गे थवा,
भिंत म्हणे क्षणभर, मला तुमचा चेहरा हवा.
'गे' वर विचार करणे.

बुधवार, ३० जून.

शिरूरला गेलो, एस.टी.नं, न्हावऱ्यावरून. दौंडमधला स्टुडिओवाला माझे रोल धुताना हसतो. शिरूरला पोपट आहे, दहावीला दोनदा नापास झाला होता, पण एनलार्जमेंट त्याच्यासारखी कुणाची नाही.

पोपटनं फोटो ट्रेमधून काढला आणि बराच वेळ पाहिला. म्हणाला, 'सर, मोर्चा म्हनला होता ना तुमी? ह्यो तर आठवी क.' मी म्हटलं, हीच माझी शैली. तो म्हणाला, 'पोलिसाला बी एवढं सोपं कुणी करून देत न्हाई.' कौतुकाची त्याची पद्धत. पैसे कमी घेतले.

जवानांच्या गाडीचा फोटो : सहा हात, एक केळं.

रविवार, ४ जुलै.

सगळीकडं आनंद, मोठं शिखर जिंकल्याची बातमी. समितीनं पेढे वाटले.

दुपारी इंद्रजीत स्वतःहून माझ्या खोलीत आला. किती वर्षांनी. म्हणाला, आप्पा, फोटो दाखवा. मी सगळे मांडले. फेरीच्या फोटोपाशी तो थांबला. म्हणाला, झकास आलाय, प्रत्येक माणूस ओळखू येतोय. बापाच्या कलेची जाण मुलाला उशिरा येते, पण येते. त्यानं विचारलं, हा कोण, ही कोणाची. मी एकेकाचं सांगत गेलो. कोण कुठल्या बॅचचा, कुणाचं पाठांतर चांगलं, कुणाचा बाप गँगमन, कोण कुठं कामाला. चाळीसपैकी अडतीस नावं मला आली. त्याच्याबरोबरचा कार्यकर्ता लिहून घेत होता. या वयात अशी स्मरणशक्ती. दोघंही चकित झाले.

म्हणाला, चौकात मोठा करून लावतो. समितीच्या खर्चानं.

पहिलं प्रदर्शन. अडुसष्टाव्या वर्षी.

सुलक्षणा चहाचे कप उचलताना म्हणाली, 'आप्पा, ते कशाला लावत्यात विचारलं का?' मी म्हटलं, कला विचारून लावत नाहीत. तिनं कप जरा जोरात ठेवले.

गुरुवार, ८ जुलै.

प्रदर्शन लागलं. चौकात, दाराएवढं. माणसं थांबून पाहतात. सायकलवाले उतरतात. एक तर जवळ जाऊन एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून वाचत होता. कुठल्या गॅलरीत एवढा प्रेक्षक मिळतो?

वर समितीनं मथळा घातला आहे, 'युद्धाच्या वेळी देशाला मागं खेचणारे हेच!' खाली ओळीनं नावं. मथळा फार मोठा झाला आहे, चित्राचा तोल जातो. रंगही लाल. मी असतो तर करडा घेतला असता.

दोन ओळींची कविता घातलेली नाही. छायाचित्रकाराचं नावही नाही.

रात्री जेवण गेलं नाही. पित्त.

रविवार, ११ जुलै.

सकाळी बबनराव घरी आले. कधी येत नाहीत. आत या म्हटलं, ते दाराशीच खुर्चीवर बसले.

म्हणाले, आज बूथवाल्यानं आक्काबाईंना उठवलं. नऊला दहा मिनिटं कमी असताना. 'तुमचा फोन आमच्याकडं घेनार न्हाई, गिऱ्हाईक नावं ठिवतंय,' म्हणे. त्या रस्त्याच्या पलीकडं उभ्या राहिल्या. सव्वानऊला बूथमध्ये रिंग वाजली. बूथवाल्यानं उचलली, काहीतरी बोलला आणि ठेवून दिली. कुणाची होती विचारलं तर सांगितलं नाही.

मी म्हटलं, चूक आहे. खरंच म्हटलं.

मग ते म्हणाले, 'सर, एक मागनं हाय. पोराला पत्रात तुमचा नंबर कळवतो. तुमच्या घरी फोन करू दे. आमच्यापैकी कुणाकडं फोन न्हाई. तुमी निस्तं ऐकून ठिवा, मी सांजच्याला येऊन इचारत जाईन.' मी म्हटलं, अहो, त्यात काय विचारायचं.

उठताना म्हणाले, 'त्या फोटोत माझ्या पोराची फ्रेम असती ना सर, तर त्यांना ह्ये लावता आलं नसतं.' मी त्यांना काचेची अडचण पुन्हा सांगितली. उन्हाचा कोन, परावर्तन. ते मान हलवत होते. म्हणाले, 'व्हय. काच चमकती.' आणि गेले.

दिवसभर पित्त. सुलक्षणानं दही-भात दिला. विचारलं, 'आप्पा, ह्यांना तुमी सांगाल का, बोर्ड काढा म्हणून? तुमचं ऐकतील.' मी म्हटलं, उद्या सांगतो.

सोमवार, १२ जुलै.

इंद्रजीत पुण्याला गेला आहे. उद्या.

मंगळवार, १३ जुलै.

इंद्रजीत आला, पण दमलेला होता. अशा वेळी विषय काढू नये.

पुण्याच्या एका साप्ताहिकाला फोन केला. प्रदर्शनाविषयी सांगितलं. उपसंपादक म्हणाले, बघू, कुणी त्या बाजूला आलं तर पाठवतो. म्हणजे पाठवणार. मग लक्षात आलं, त्यांचा माणूस येईल आणि फोटो कुणाचा हेच कळणार नाही. स्टूल घेऊन चौकात गेलो. काळ्या मार्करनं उजव्या कोपऱ्यात, नावांच्या खाली, स्वच्छ अक्षरात लिहिलं :

छाया : बा. ना. शितोळे (निवृत्त).

चौकातले दोघं-तिघं पाहत होते. पलीकडच्या वस्तीतली एक मुलगी दळणाचा डबा घेऊन जाताना थांबली, वाचलं, गेली. अक्षर अजून वळणदार येतं.

रविवार, १८ जुलै.

बबनराव आठवडाभर बाकावर नाहीत. सांजेला येऊन विचारणार होते, आले नाहीत. आज भाजी मंडईत समोरून आले. मी हात वर केला. ते तसेच पुढं गेले. मोतीबिंदू असावा. या वयात तपासून घ्यायला हवं, त्यांना सांगितलं पाहिजे.

फोनपाशी नऊला बसलो होतो. धम्मदीपचा नाही आला. बहुतेक पत्र अजून पोचलं नसेल. साप्ताहिकाचाही नाही.

निश्चय : इंद्रजीतला बोर्डाचं उद्या नक्की सांगणे. निदान मथळ्याचा रंग.

गुरुवार, २२ जुलै.

सुलक्षणानं सांगितलं, धुणंवाली धुरपदा म्हणत होती, वस्तीत दोन रात्री पत्र्यांवर दगड येतायत. मी म्हटलं, पोरं चिंचा पाडत असतील. ती म्हणाली, 'तिथं चिंच न्हाई, आप्पा.' मग आंबा असेल. जुलैत आंबा नसतो, हे मलाही माहीत आहे. पण पोरांना कुठं असतं?

धुरपदा त्याच वस्तीतली. तिचंही नाव बोर्डावर आहे, तिसरी रांग. आमच्याकडं धुणं मात्र नेहमीसारखं धुतलं. माझ्याशी बोलली नाही. ती तशी अबोलच.

रविवार, २५ जुलै. सकाळी ९.२०.

फोन वाजला. मी उचलला. खूप लांबचा आवाज, मध्ये खरखर. 'सर, मी धम्मदीप.'

मला इतका आनंद झाला. सहावीत बारीक आवाजात कविता म्हणायचा, शेवटच्या बाकावर. मी म्हटलं, अरे, वर उजेड कसा असतो, बर्फावर फोटो ओव्हरएक्स्पोज होत असतील. तो म्हणाला, 'सर, मी हॉस्पिटलात हाय. हाताला लागलंय. आईला सांगू नका, आबांना सांगा. सुट्टी भेटतीय, येत्या रविवारपर्यंत पोचतो.' मी म्हटलं, सांगतो. मग म्हणाला, 'ती दोघं बरी हायत ना?'

मी म्हटलं, उत्तम. तुझ्या आबांचा फोटो चौकात लागलाय, दाराएवढा. मीच काढला. लोक थांबून बघतात. तो मग म्हणाला, 'खरं का सर? आमच्या आबांचा?' आवाजात हसू होतं. 'बूथवाला मला काय बी बोलला हुता सर, म्हनून काळजी लागली हुती. आता बरं वाटलं.'

मी त्याला प्रदर्शनाची कल्पना सांगायला लागलो, तेवढ्यात लाइन कटली. तीन मिनिटं मिळतात बहुतेक.

आज वस्तीत जाऊन सांगायचं. पण पाऊस आहे. शिवाय साप्ताहिकाचा फोन येऊ शकतो. उद्या.

सोमवार, २६ जुलै.

युद्ध संपलं. जाहीर झालं. दिवसभर फटाके. समितीची विजय फेरी, त्यात मला गाडीवर बसवलं. आज सगळे आपोआप कॅमेऱ्याकडं बघत होते. रोल संपला. दुसरा घरी होता.

चौकातला बोर्ड अजून तिथंच आहे. त्याच्यावर गुलाल उडाला आहे, चेहरे अर्धे गुलाबी. माझं नाव दिसतं.

उद्या सकाळी वस्तीत जाणे. पहिलं काम ते.

मंगळवार, २७ जुलै.

गेलो. रूळ ओलांडायला त्रास झाला, पण गेलो.

बबनरावांच्या घराला कुलूप. पत्र्यावर दोन-तीन ठिकाणी पोचे, एका ठिकाणी भोक, त्यात गोणपाट कोंबलेलं. दारापुढचं तुळशीवृंदावन नाही, कधीच नव्हतं, मला उगाच वाटलं होतं. ओट्यावर पंचशील झेंडा गुंडाळून ठेवलेला.

शेजारच्या दारातून एका बाईनं पाहिलं आणि दार लावून घेतलं. पुढच्या घरी म्हातारा होता. मी विचारलं, बबनराव कुठं? तो म्हणाला, 'गेली.' कुठं? 'गेली म्हनलं ना. कुठं ते तुमाला सांगून काय बोर्डावर लिवायचं हाय?' मी म्हटलं, त्यांच्या मुलाचा निरोप आहे. तो म्हणाला, 'निरोप बी तुमच्याकडंच आला का.' आणि आत गेला.

राहू गावाला आक्काबाईंची बहीण असते असं एकदा ऐकलं होतं. की कवठे येमाईला? तिकडं लग्नकार्याला गेले असतील. आषाढात लग्न नसतं. मग बारसं.

घरी येऊन झोपलो. तीन तास. स्वप्न नाही, काही नाही.

गुरुवार, २९ जुलै.

धुरपदानं काम सोडलं. आता सुलक्षणा स्वतः कपडे धुते. मी विचारलं, राहूला कुणी ओळखीचं आहे का आपलं. ती म्हणाली, 'आप्पा, आता कशाला.' मी म्हटलं, निरोप आहे. मग तिला फोनचं सांगितलं. रविवारी आलेला.

तिनं हातातलं लुगडं बादलीत सोडलं आणि माझ्याकडं पाहिलं. म्हणाली, 'रविवारी आला हुता, आन् आज बेस्तरवार हाय.'

मी म्हटलं, मंगळवारी गेलो होतो.

संध्याकाळी ती एकटीच वस्तीत जाऊन आली. काही कळलं नाही. तिलाही कुणी सांगितलं नाही. आमच्या घरातली म्हणून, असं ती म्हणाली. मी ते लिहून ठेवतो, पण पटत नाही. लोक मला मानतात.

शुक्रवार, ३० जुलै.

चांगली बातमी. साप्ताहिकाला पुन्हा फोन लावला. आज दुसरे गृहस्थ होते. म्हणाले, आमचा प्रतिनिधी रविवारी बारामतीला जाणार आहे, वाटेत जमलं तर थांबेल. म्हणजे परवा. रविवार, अकराच्या सुमारास, असं मी धरलं आहे.

बोर्डावरचा गुलाल पुसायला गेलो होतो. पावसानं वाहून गेला आहे. चेहरे पुन्हा स्पष्ट. प्रिंट चांगली टिकली आहे.

शनिवार, ३१ जुलै.

मुलाखतीत काय बोलायचं ते काढून ठेवलं. बालपण, रुळांकडेची शाळा, कवितेचे संस्कार, ग्रुप फोटोची शैली, तटस्थता. 'कॅमेऱ्याला बाजू नसते' शेवटी. धम्मदीप येत्या रविवारपर्यंत पोचतो म्हणाला होता, म्हणजे तो उद्याच. पण मिलिटरीत सुट्टी लांबते. लांबतेच. नक्की लांबली असेल.

इंद्रजीतला आज बोर्डाचं सांगितलं. अखेर सांगितलं. म्हणालो, पाऊस आहे, प्रिंट खराब होईल, काढून ठेवू. तो म्हणाला, राहू द्या आप्पा, निवडणुकीपर्यंत चालतोय. मी माझं कर्तव्य केलं.

पित्त. गोळी घेतली.

रविवार, १ ऑगस्ट. सकाळी १०.४०.

पांढरा शर्ट. दाढी केली. बाहेरच्या खोलीत फोटो मांडले : पोतं, सहा हात, विजय फेरी, आणि मधोमध तो. सुलक्षणाला पोहे करायला सांगितले. ती म्हणाली, कुणासाठी. मी म्हटलं, पुण्याहून येतायत. तिनं केले. मीठ कमी.

१०.५५.

फाटक वाजलं. वेळेच्या आधी आले. पत्रकार माणसं शिस्तीची. बाकी सविस्तर ते गेल्यावर.

११.१०.

पत्रकार नव्हते.

दारात धम्मदीप. वर्दीत. उजवा हात गळ्यात बांधलेला, पंजापाशी बँडेज, त्यातून दिसायला हवीत तेवढी बोटं दिसत नाहीत. पायाशी हिरवी ट्रंक. भिजलेला. मला ओळखायला क्षणभर वेळ लागला, कारण उंच झाला आहे. मी आत ये म्हटलं. तो आला नाही. डाव्या हातानं माझ्या पायाला हात लावला, तो मात्र उंबऱ्याबाहेरूनच.

म्हणाला, 'सर, चौकातला फोटो बघून आलो.'

मी म्हटलं, पोहे घे.

म्हणाला, 'घराला कुलूप हाय. गल्लीत कुणी धड बोलंना. तुमच्याकडं निरोप दिला हुता म्हनून मला वाटलं, आई-आबा हितंच थांबली असतील.' आणि माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत.

सुलक्षणा पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तशीच थांबली.

मी चष्म्याचं निमित्त करून आत आलो आहे. हे लिहितो आहे. तो अजून दारात उभा आहे, ट्रंक उचललेली नाही.